नर्तकी कशासाठीं नाचते?

गवई कां गातो, असा प्रश्न आपल्या समाजांत सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचा गळा चांगला आहे, एवढें उत्तर सर्वांना पुरतें. चित्रकार चित्रें कां काढतो, याचीहि फारशी चौकशी होत नाहीं. परंतु एखादी मुलगी नृत्य शिकूं लागली आणि शिक्षणाचीं ठराविक वर्षें संपल्यावरहि तिनें तें सोडलें नाहीं, म्हणजे मात्र घरचे, शेजारचे आणि पुढें सासरचेहि तिला निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारूं लागतात: ‘आतां हें कशासाठीं?’ प्रश्न साधा दिसतो. पण ज्या स्त्रियांनीं आपलें सारें आयुष्य नृत्याला दिलें, त्यांच्या चरित्रांकडे पाहिलें तर या साध्या प्रश्नाची खोली ध्यानांत येते. तो कोणाला विचारला गेला, कोणाला मुळींच विचारला गेला नाहीं, आणि जिला विचारला गेला तिनें आपल्या कामानें त्याचें काय उत्तर दिलें, यांत महाराष्ट्रांतील नृत्याचा गेल्या शंभर वर्षांचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

प्रथम ज्या नाचाला कारण विचारावेंच लागत नाहीं, तो पाहावा. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, गाढी नदीच्या कांठीं पनवेल आहे. एके काळचें हें बाजारपेठेचें गांव आतां मोठें शहर झालें असून २०१६ सालापासून तेथें महानगरपालिका आहे. परंतु शहराच्या भोंवतालीं आगरी आणि कोळी लोकांचीं जुनीं गांवें अजून आहेत. त्या गांवांत लग्न निघालें कीं धवळारीण येते, धवळे गाइले जातात आणि हळदीच्या रात्रीं लहानथोर सर्वजण नाचतात. भाद्रपदांत गौरी आल्या म्हणजे बायका फेर धरतात. डोंगराकडच्या ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्यांतहि सणासुदीला नाच असतो. तेथें एखाद्या बाईला ‘तूं कां नाचतेस?’ असें विचारलें, तर ती नुसती हंसेल. घरांत लग्न आहे, गौर आली आहे, हेंच कारण. तेथें न नाचणाऱ्यालाच कारण सांगावें लागतें. असा नाच कोणा एकीचा नसतो. तो प्रसंगाचा आणि गांवाचा असतो. पाहणारा व नाचणारा असा भेदहि तेथें पक्का नसतो. आतां कडेला उभी असलेली बाई घटकाभरानें फेरांत शिरलेली दिसते.

याच पनवेल शहरांत आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नांवाचें नाट्यगृह आहे. अशा नाट्यगृहाच्या रंगमंचावर एखादी मुलगी एकटी उभी राहते, तेव्हां सारी स्थिति पालटते. समोर अंधारांत प्रेक्षक, वर प्रकाश आणि मध्यें एकच शरीर. कोणाचें लग्न नाहीं, कोणता सण नाहीं. गांवानें जें कारण आपण होऊन पुरविलें असतें, तें आतां तिचें तिलाच शोधावें लागतें. म्हणून रंगमंचावरील नर्तकीच्या बाबतींत ‘कशासाठीं?’ हा प्रश्न अप्रस्तुत नाहीं. तो जाब म्हणून विचारला जातो तेव्हां बोंचतो. जिज्ञासेनें विचारला गेला, तर तो कलेच्या गाभ्यापर्यंत नेतो.

एकटी उभी राहून नाचणारी स्त्री महाराष्ट्राला अपरिचित होती, असें मात्र नव्हे. लावणी गाणाऱ्या व नाचणाऱ्या स्त्रियांच्या कित्येक पिढ्या येथें होऊन गेल्या. त्यांना ‘कशासाठीं?’ असें कोणी विचारलें नाहीं. कारण उत्तर ठाऊकच आहे, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. त्या पोटासाठीं नाचतात, असें समाज म्हणे आणि तेथेंच विचार थांबे.

हें उत्तर अपुरें कसें आहे, तें एका उदाहरणावरून कळेल. वाईच्या यमुनाबाई वाईकर या १९१५ सालीं कोल्हाटी समाजांत जन्मल्या आणि शंभरी ओलांडून २०१८ सालीं वारल्या. बैठकीची लावणी हें त्यांचें खास क्षेत्र. या लावणींत गायिका बसूनच अदा करते. पायांना काम जवळजवळ नसतें. डोळे, भुंवया, मान, हातांचीं बोटें आणि आवाजांतील फिरत एवढ्याच साधनांनीं एकच ओळ पुनःपुन्हां घ्यावयाची आणि प्रत्येक वेळीं तिच्यांतून निराळा भाव काढावयाचा. कधीं रुसवा, कधीं विनवणी, कधीं थट्टा. आतां, जो केवळ पोटासाठीं काम करतो तो लागेल तेवढेंच करून थांबतो. एका ओळीचे दहा अर्थ शोधण्याची गरज पोटाला नसते; ती कलेला असते. चरितार्थ आणि कला हीं एकाच आयुष्यांत शेजारीं शेजारीं नांदूं शकतात, हें यमुनाबाईंच्या अदाकारीनें दाखविलें. संगीत नाटक अकादमीनें १९७७ सालीं त्यांना पुरस्कार दिला, आणि भारत सरकारनें २०१२ सालीं पद्मश्री दिली तेव्हां त्यांचें वय नव्वदीच्या पुढें गेलें होतें.

दुसरें उदाहरण विठाबाई नारायणगांवकर यांचें. त्या २००२ सालीं वारल्या. दिवस भरलेले असतांना त्या तमाशांत नाचत होत्या, खेळ चालूं असतांनाच त्यांना वेणा आल्या, पडद्यामागें मूल जन्माला आलें आणि त्या पुन्हां प्रेक्षकांपुढें उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वतोमुखी आहे. ती बहुधा कौतुकानें सांगितली जाते. विठाबाईंचें धैर्य आणि कलेवरची निष्ठा तिच्यांत आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्या हकीकतींत एक कठोर गोष्टहि आहे, आणि सांगणाऱ्यांचें लक्ष तिच्याकडे क्वचितच जातें. फडांतील सर्व माणसांची भाकरी रोजच्या खेळावर अवलंबून असते. त्या रात्रीं नाचावें कीं न नाचावें, हें ठरविण्याची मोकळीक त्या बाईला कितपत होती? नाचण्याचें कारण स्वतःच्या तोंडानें सांगावयाचें, तर आधीं न नाचण्याची मुभा असावी लागते. ज्यांना ती मुभा होती आणि तरीहि ज्या नाचल्या, अशा स्त्रियांकडे आतां वळावें.

पनवेल मागें टाकून पुण्याच्या वाटेनें निघालें कीं खोपोलीनंतर बोरघाट लागतो, आणि घाटमाथ्यावर खंडाळा आहे. मादाम मेनका या नांवानें जगाला ठाऊक असलेल्या लीला सोखी यांनीं येथें ‘नृत्यालयम्’ ही संस्था काढली होती. त्या मूळच्या बंगालच्या. १८९९ सालीं बारिसाल येथें एका बॅरिस्टरच्या घरीं जन्मलेल्या. त्यांचे पति डॉक्टर साहिबसिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. अशा घरांतील स्त्रीला पोटासाठीं नाचण्याची गरज नव्हती, आणि घराण्याची परंपरा म्हणूनहि नाच तिच्याकडे आला नव्हता. उलट, त्या काळीं सुशिक्षित कुटुंबांतील स्त्रीनें कथक नृत्य करणें म्हणजे लोकनिंदेला आमंत्रण देणेंच होतें. तरीहि मेनकाबाईंनीं लखनौ घराण्याच्या गुरूंकडून तें विधिपूर्वक घेतलें. सुप्रसिद्ध रशियन नर्तकी ॲना पावलोवा हिचें त्यांना उत्तेजन मिळालें होतें.

मेनकाबाईंच्या नाचण्याचें कारण त्यांच्या रचनांवरून वाचतां येतें. त्यांच्यापूर्वीं कथक नृत्य मुख्यतः एका कलावंताचें आणि मैफलीचें होतें. पाहणारे थोडे, अंतर थोडें, आणि डोळ्यांची एक हालचाल सर्वांना दिसेल अशी बैठक. मेनकाबाईंनीं तेंच नृत्य अनेक नर्तकांच्या समूहांत मांडलें, त्याला वाद्यवृंदाची जोड दिली आणि संवादावांचून संपूर्ण कथा सांगणारीं नृत्यनाट्यें रचिलीं. ‘कृष्णलीला’, ‘देवविजय नृत्य’, ‘मेनका लास्यम्’ हीं १९३४ ते १९३६ या तीन वर्षांतलीं. ‘मालविकाग्निमित्र’ हें १९३९ सालचें. या शेवटच्या निवडींत औचित्य आहे. कालिदासाच्या त्या नाटकांत दोन नाट्याचार्यांमध्यें श्रेष्ठ कोण असा वाद लागतो, आणि त्याचा निवाडा शिष्येच्या नृत्यावरून होतो. नृत्य हें राजसभेंत विद्वानांनीं परीक्षा करण्याजोगें शास्त्र होतें, याची आठवण ती कथाच करून देते. मेनकाबाईंचें पथक १९३६ ते १९३८ या काळांत युरोपांत हिंडलें व १९३६ सालीं बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेंत त्याला पारितोषिकें मिळालीं. मेनकाबाईंना स्वतः नाचून दाखविण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, निकड या कलेला योग्य घर मिळवून देण्याची होती, असें त्यांच्या साऱ्या उद्योगावरून दिसतें. खंडाळ्याची संस्था हें तें घर. तेथें कथकबरोबर कथकळी आणि मणिपुरी नृत्याचेंहि शिक्षण दिलें जाई. परंतु त्या घराला आयुष्य थोडें लाभलें. १९४७ सालीं मेनकाबाई निवर्तल्या.

त्यांच्या पथकांत एक मराठी मुलगी अगदीं बालवयांत आली होती. ती म्हणजे दमयंती जोशी. जन्म मुंबईचा, १९२८ सालचा. मेनकाबाईंनीं तिला पोटच्या मुलीप्रमाणें वाढविलें आणि युरोपच्या दौऱ्यावर बरोबर नेलें. त्या वयाची मुलगी कशासाठीं नाचते? मोठी माणसें नाचवितात म्हणून. तिचें कारण दुसऱ्यानें दिलेलें होतें, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. बहुतेक मुलांचें शिक्षण असेंच सुरू होतें. खरी कसोटी पुढें लागली. मेनकाबाई गेल्या तेव्हां दमयंतीबाईंचें वय अठरा वर्षांचें होतें. समूहनृत्याचा संसार मोडला. गुरु आणि आश्रय एकदमच गेले. त्या वेळीं त्यांनीं घुंगरू सोडून ठेवले असते तर कोणी नांव ठेवलें नसतें. त्यांनीं पुन्हां शिकण्यास आरंभ केला, लखनौ घराण्याच्या गुरूंकडे अध्ययन केलें, आणि पथकांतील एक नर्तकी ही आपली ओळख मागें ठेवून एकटीनें रंगमंच भरून काढणारी कलावती म्हणून कीर्ति मिळविली. १९६८ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० सालीं पद्मश्री त्यांना मिळाली. पुढें मेनकाबाईंवर त्यांनीं एक पुस्तकहि लिहिलें. दुसऱ्यानें दिलेलें कारण संपल्यावर स्वतःचें कारण निर्माण करावें लागतें, आणि तसें करतां येतें, याचा हा उत्तम दाखला होय.

खंडाळ्याहून रस्ता पुण्यास जातो, आणि या प्रश्नाचें सर्वांत सविस्तर उत्तरहि पुण्यांतच मिळतें. रोहिणी भाटे यांचा जन्म १९२४ सालीं पाटणा येथें झाला. शिक्षण मात्र पुण्याचें. १९४६ सालीं त्या फर्ग्युसन महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या आणि दुसऱ्याच वर्षीं, १९४७ सालीं, त्यांनीं पुण्यांत ‘नृत्यभारती’ ही कथक नृत्याची संस्था स्थापन केली. आरंभीं त्यांनीं पार्वतीकुमार यांच्याकडे भरतनाट्याचे धडे घेतले होते. नंतर कथक नृत्यासाठीं जयपूर घराण्याचे सोहनलाल, आणि पुढें लखनौ परंपरेचे लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर असे गुरु त्यांना लाभले. हिंदुस्थानी संगीताचाहि त्यांनीं मनःपूर्वक अभ्यास केला.

त्या काळच्या पुण्यांत मध्यमवर्गीय घरांतील पदवीधर मुलीनें कथक शिकणें आणि शिवाय तें इतरांच्या मुलींना शिकविणें, ही सोपी गोष्ट नव्हती. कोठ्यावरचा नाच अशीच त्या नृत्याची सर्वसाधारण समजूत होती. अशा शहरांत वर्ग चालवावयाचा म्हणजे दर पालकाला ‘कशासाठीं?’ याचें उत्तर देत राहणेंच. रोहिणीबाईंनीं तें दोन मार्गांनीं दिलें. एक मार्ग रचनेचा आणि दुसरा विचाराचा. त्यांनीं परंपरागत बंदिशी जतन केल्या, नव्या रचिल्या, आणि कालिदासाचें ‘ऋतुसंहार’, ऋग्वेदांतील उषासूक्त अशा विषयांना कथकच्या भाषेंत आणलें. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पण’ या संस्कृत ग्रंथाचा आधार घेऊन ‘कथक दर्पण दीपिका’ हा ग्रंथ सिद्ध केला, आणि ‘माझी नृत्यसाधना’ हें आत्मकथन लिहिलें. नर्तकीनें आपल्या नाचण्याचा हिशेब स्वतःच्या लेखणीनें द्यावा, ही गोष्ट मराठींत तोंवर दुर्मिळ होती.

नवी रचना करण्यांत नर्तकीचें स्वतःचें असें काय असतें, हें कथकमधील एका लहान प्रकारावरून समजूं शकेल. त्रितालाच्या मात्रा सोळा. त्यांतली पहिली ती सम. ‘तिहाई’ म्हणजे एकच बोल तीनदां घेऊन त्याची शेवटची मात्रा समेवर आणावयाची. समजा, बोल पांच मात्रांचा आहे. तीनदां घेतला म्हणजे पंधरा मात्रा झाल्या. पहिल्या व दुसऱ्या बोलानंतर एकेक मात्रा रिकामी सोडली, म्हणजे आणखी दोन, एकूण सतरा. समेपासून आरंभ केला असतां सतरावी मात्रा म्हणजे पुढील आवर्तनाची सम, आणि शेवटचें पाऊल बरोबर तेथें पडतें. प्रेक्षागृहांत त्या क्षणीं जी दाद उठते, ती या हिशेब जुळण्याच्या आनंदाची असते.

आतां हाच हिशेब निराळ्या रीतीनें मांडतां येतो. बोल तीनच मात्रांचा घ्यावा आणि दोन्ही वेळां मध्यें चार-चार मात्रा सोडाव्या. नऊ आणि आठ मिळून सतराच होतात. गणित तेंच, सम तीच. पण नृत्य सर्वस्वीं निराळें. पहिल्या रचनेंत पावलांची दाटी आहे, श्वास घेण्यास जेमतेम एक मात्रा. दुसरींत स्तब्धता जवळजवळ निम्मी आहे. त्या चार रिकाम्या मात्रांत नर्तकी काय करते? नुसती उभी राहते कीं मान किंचित् वळविते, दृष्टि दूर टाकते कीं जवळ आणते? ताल याचें उत्तर देत नाहीं आणि गुरूहि सर्व काळ देऊं शकत नाहीं. एकीला दाटी हवीशी वाटते, दुसरीला स्तब्धता. हें वाटणें जिचें तिचें असतें, आणि नर्तकीचें खासगी कारण म्हणतात तें येथें, या रिकाम्या मात्रेंत, वास करतें. जी केवळ शिकविलेलें करते तिची रिकामी मात्रा खरोखरच रिकामी राहते. जिला कांहीं सांगावयाचें आहे, तिच्या त्या मात्रेकडे प्रेक्षक श्वास रोखून पाहतात.

अभिनयाच्या अंगांतहि हेंच आहे. ऋतूंचें वर्णन वाचणारा वाचक ग्रीष्माचा दाह शब्दांनीं जाणतो. नर्तकीला मात्र तो दाह पापण्यांच्या जडपणांत आणि मनगटाच्या ढिलाईंत शोधावा लागतो. म्हणजे तिला तो विषय पुन्हां एकदां, शरीरानें, समजून घ्यावा लागतो. शब्दांनीं समजलेलें आणि शरीरानें समजलेलें यांत फरक असतो. पोहण्याचें पुस्तक वाचणें आणि पाण्यांत उतरणें यांत जो फरक, तोच. जी गोष्ट दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें कळत नाहीं ती नृत्यानें कळते, हें कारण एकदां अनुभवास आलें म्हणजे परीक्षा, पारितोषिक, टाळ्या हीं इतर कारणें दुय्यम होतात.

रोहिणीबाईंनीं ‘मी इसाडोरा’ या नांवानें इसाडोरा डंकन हिच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद केला, त्याचें रहस्य या दृष्टीनें पाहिलें असतां उलगडतें. इसाडोरा १८७७ सालीं अमेरिकेंत सॅनफ्रान्सिस्को येथें जन्मली आणि १९२७ सालीं फ्रान्समध्यें नीस येथें मोटारीच्या अपघातांत मरण पावली. युरोपांतील बॅले नृत्याची घट्ट पादत्राणें आणि आंवळलेले पोषाख झुगारून ती अनवाणी, सैल वस्त्रांत नाचली. ठरीव पदन्यास शिकण्यापेक्षां हालचालीचा उगम आपल्याच देहांत कोठें आहे, हें शोधण्यांत तिनें आयुष्य घालविलें. तिचीं दोन मुलें १९१३ सालीं पॅरिस येथें, मोटार सीन नदींत पडून, बुडालीं. त्या आघातानंतरहि तिनें नृत्य सोडलें नाहीं. बाह्यतः पाहतां तिचें आणि पुण्याच्या कथक नर्तकीचें कांहींच जुळत नाहीं. एकीनें व्याकरण मोडलें. दुसरीनें व्याकरण पिढ्यान् पिढ्या टिकावें म्हणून वर्ग चालविले आणि ग्रंथ लिहिले. परंतु दोघींचा प्रश्न एकच होता: ही हालचाल माझ्या आंतून येत आहे कीं मी ती नुसती उसनी घेतली आहे? कडक शिस्तींत राहून हा प्रश्न विचारणें हें शिस्त मोडून विचारण्यापेक्षां सोपें नाहीं. २००८ सालीं रोहिणीबाई वारल्या, तेव्हां त्यांच्या शिष्या आणि शिष्यांच्या शिष्या स्वतः शिकवीत होत्या व रचना करीत होत्या. त्यांच्या उत्तराचा हाहि एक भाग म्हणावा लागेल.

आणखी एक कारण आहे, आणि तें मराठी माणसाला विशेष जवळचें वाटेल. तें म्हणजे स्वतःच्या भाषेची ओढ. भरतनाट्यांतील पदें बहुधा तेलुगु, तामिळ वा संस्कृत असतात. महाराष्ट्रांतील मुलीला त्यांचा अर्थ पाठ करावा लागतो. तो कानांतून सरळ हृदयांत उतरत नाहीं. परंतु तंजावर येथें मराठ्यांचें राज्य होतें, आणि १७९८ ते १८३२ या काळांत तेथें गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजी राजांनीं नृत्यासाठीं मराठी रचना केल्या होत्या. त्या तेथील सरस्वती महाल ग्रंथालयांत जतन झाल्या. पार्वतीकुमारांनीं त्यांचा अभ्यास करून त्यांना पुन्हां नृत्यरूप दिलें, आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनीं त्या रंगमंचावर आणल्या. पुढें सुचेताबाईंनीं हिंदुस्थानी रागसंगीतावर आधारलेली भरतनाट्याची ‘नृत्यगंगा’ ही रचनामालिका निर्माण केली. परक्या प्रांताची कला मनापासून शिकावी, आणि मग तिच्याकडून आपल्या भाषेंतलें व आपल्या सुरांतलें कांहीं बोलवून घ्यावें, ही इच्छा नवनिर्मितीला पुरेशी ठरली.

हीं सर्व उदाहरणें मनांत ठेवून पुन्हां पनवेलसारख्या शहरांतील घरांकडे पाहावें. आज तेथें कथक आणि भरतनाट्य शिकणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. पूर्वींची लोकनिंदा उरलेली नाहीं. आतां पालकच हौसेनें मुलीला वर्गाला घालतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ या १९३१ सालीं स्थापन झालेल्या संस्थेच्या परीक्षा त्या देतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा पायऱ्या चढत कोणी विशारद होते, कोणी अलंकारपर्यंत जाते. या परीक्षांचा उपयोग मोठा आहे. त्यांच्यामुळें ताल पक्का होतो, शास्त्राची ओळख होते आणि शिक्षणाला शिस्त लागते. परंतु प्रमाणपत्र हें बाहेरून आलेलें कारण आहे. दमयंतीबाईंच्या बालपणीं त्यांना मिळालेल्या कारणासारखेंच तें केव्हां तरी संपतें. शाळेचें शेवटचें वर्ष येतें, अभ्यास वाढतो, पुढें नोकरी आणि संसार येतो. आणि घुंगरू कपाटांत जातात. ज्या मुलीला तोंपर्यंत स्वतःचें कारण सांपडलेलें नसतें, तिला आपण काय सोडलें याची जाणीवहि होत नाहीं. जिला तें सांपडण्याच्या बेतांत होतें, तिची हानि मोठी असते, आणि ती कोणालाच दिसत नाहीं.

येथें घरच्या माणसांना करण्याजोगें पुष्कळ आहे, आणि त्याला खर्चहि फारसा लागत नाहीं. ‘कितवी परीक्षा झाली?’ एवढेंच न विचारतां ‘आज काय नवें बसविलेंस?’ असें विचारावें. मुलीनें गुरूच्या रचनेंत स्वतःची एखादी लहानशी तिहाई घालून पाहिली, तर ती पाहण्यास पांच मिनिटें द्यावींत. बैठकीच्या खोलींतील चार हात जागा आणि दिवसांतील एक तास तिच्या हक्काचा मानावा. पाहुणे आले कीं सर्वांत आधीं तोच तास मोडतो असें होऊं देऊं नये. आणि एखादीला मनापासून नाचावयाचें नसेल, तर तिला तेंहि मोकळेपणानें सांगतां यावें. विठाबाईंना त्या रात्रीं जी मुभा मिळाली नाहीं, ती आजच्या मुलींना दोन्ही बाजूंनीं मिळाली पाहिजे. न नाचण्याची मुभा असेल, तरच नाचण्याला स्वतःचें असें कारण येतें.

गौरीच्या फेरांत नाचणाऱ्या बाईला कारण गांवानें दिलें, तमाशाच्या फडांतील बाईला परिस्थितीनें दिलें, आणि रंगमंचावर एकटी उभी राहणारी मुलगी आपलें कारण स्वतः शोधते आहे. त्या शोधाला वेळ लागतो, कित्येकदां वर्षें लागतात. तोंपर्यंत ‘हें कशासाठीं?’ असें तिला अवश्य विचारावें. मात्र ऐकून घेण्याच्या तयारीनें विचारावें, आणि उत्तर तिनें शब्दांनीं न देतां नाचून दिलें, तर तेंहि उत्तर म्हणून स्वीकारावें.